पितळी कडेची फुलदाणी

काकांनी ती फुलदाणी चोरून आणली की त्यांना कुणी दिली, एवढंच मावशीला माझ्याकडून हवं होतं. मी मात्र ती कुठल्या देशातली आणि किती जुनी, हे तिला सांगत बसले. काका जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. आजही तो दिवस आठवला की माझी मलाच चीड येते.

नव्वदच्या दशकात मी शहापूरहून मुंबईला नोकरीला जायची. दुकान जुन्या वस्तूंचं होतं. वस्तू कुठली, उंची किती, टवका कुठे उडालाय, अशा चिठ्ठ्या लिहायचं माझं काम. मालक म्हातारे आणि तुसडे, पण शिकवायचे जीव ओतून. "आधी भांडं उलटं कर, चित्राकडे मागाहून बघ," हे त्यांचं रोजचं. त्यांच्या हाताखाली चारपाच वर्षं काढल्यावर मी इतकी शहाणी झाले की पाहुणी म्हणून गेले तरी चहा संपवून बशी उलटी करून बघायची. आईला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मावशी टोकावड्याची. तिचे यजमान, आमचे काका, मुंबईत एका बड्या घरी स्वयंपाकी होते. पुढे नोकरी सोडून गावी आले ते एक वळकटी आणि ही फुलदाणी घेऊन. दीड वीत उंच, पांढऱ्यावर निळं चित्र, आणि तोंडाला चकचकीत पितळी कड. त्या कडेनेच घात केला. काहींना ती सोन्याची वाटली. असली वस्तू स्वयंपाक्याला कोण देतं, अशी कुजबुज सुरू झाली, आणि पुढे बांधाच्या भांडणात काकांच्या धाकट्या भावाने त्यांना चारचौघांत चोर म्हटलं. काका मुळातच मुखदुर्बळ. ते गप्प राहिले, आणि लोकांनी त्याचा हवा तो अर्थ लावला.

दोन हजार साल उलटून गेलं होतं. वर्षश्राद्धाच्या आधी मावशीचा निरोप आला, "तुला त्यातलं कळतं म्हनं. येऊन बघून जा." मी एसटीने गेले. मावशीने भाताच्या कणगीमागून जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं गाठोडं काढलं आणि मागच्या दारी उजेडात आणून ठेवलं.

मी बाह्या सरसावल्या. फुलदाणी उलटी केली, बुडाच्या कडेवरून अंगठा फिरवला. वापराने कड गुळगुळीत झाली होती आणि बारीक ओरखडे वेडेवाकडे, सगळ्या दिशांनी गेलेले होते. मुद्दाम जुनं भासवलेलं भांडं असलं की ते एकाच दिशेने घासलेलं दिसतं. बुडाला देशाचं नाव इंग्रजीत नव्हतं. परदेशी पाठवायच्या मालावर ते पुढच्या काळात घालायला लागले, म्हणजे ही त्याआधीची. निळ्या रेषा कुठे जाड, कुठे बारीक, म्हणजे कुंचल्याने हाताने काढलेल्या. मग मी ती उजेडात तिरकी धरली. निळ्या चित्राच्या अधेमधे फुलांच्या फिकट, चमक गेलेल्या खुणा दिसल्या.

"मावशी, इथे लाल आणि सोनेरी रंग होता. निळा झिलईच्या खाली असतो, तो जात नाही. लाल-सोनेरी वरून देतात. तू घासून काढलास."

"दिवाळीला चिंच नि राख लावून घासायची," मावशी म्हणाली. "पितळ हाय ना त्याला. मग नको घासायला?"

मी हसले. "ही जपानची. चिनी नाही. निळा, लाल, सोनेरी, आणि निळा असा काळपट. शंभर वर्षांची तरी असेल."

"येवढी जुनी?"

"मग! अशा फुलदाण्या जोडीने ठेवत, दिवाणखान्यात दोन बाजूंना. भारी वस्तू आहे."

मी एकेक गुण सांगत होते आणि मावशीचा चेहरा उतरत होता. ते माझ्या लक्षातही आलं नाही. शेवटी ती उंबऱ्यावर मटकन बसली.

"मग येवढी भारी वस्तू त्यांना कोन देल गो?"

इतका वेळ मी माझ्या हुशारीने माझ्याच काकांवर चोरीचा आळ पक्का करत होते.

"मी त्यांना येकदाच इचारलं," ती म्हणाली. "मालकीन मालकीन बाईंनी दिली, बोलले. दुसऱ्यांदा मी इचारलं नाय. पन लुगड्यात गुंडाळून कनगीमागं ठेवली. त्यांनी बघितलं, नि कायच बोलले नाय. मेलं मानूस, पन बोललं नाय."

मी फुलदाणी मांडीवर घेऊन नुसती फिरवत बसले. चित्रात निळे बगळे होते, माना उंच केलेले. त्या माना सरळ पितळी कडेखाली जात होत्या.

"मावशी, यांची डोकी कुठे आहेत?"

"नायतच. पोरं म्हनायची, आभाळात घातलीत."

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. भांड्याच्या तोंडाला धातू दिसला की त्याखाली काय लपवलंय ते बघायचं, हे मालकांनी मला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. मावशीच्या दारात बसून मी तेवढंच विसरले होते. कुठला चित्रकार पक्षी काढून डोकी काढायची सोडेल?

गरम पाण्यात फडकं भिजवून मी कडेभोवती धरलं. पुन्हा पुन्हा. बऱ्याच वेळाने आतलं प्लास्टर भिजून ढिलं झालं आणि कड हातात आली. खाली फुटलेली, कानशीने घासून सारखी केलेली खरबरीत धार होती. मानेचा वरचा भाग बगळ्यांच्या डोक्यांसकट गेलेला.

"मावशी, ही फुटकी आहे. त्या घरातच फुटली असणार. वरून पितळ बसवून झाकली. तरी जोडीत ठेवायच्या लायकीची राहिली नाही. चोरणारा माणूस धड सोडून फुटकी कशाला उचलेल?"

कोर्टात हा पुरावा टिकला नसता, मला माहीत आहे. पण मला तेवढ्याने खात्री पटली होती, आणि पाठोपाठ संतापही आला. त्या बाईंच्या घरी काकांनी उभी हयात चुलीपुढे काढली, आणि जाताना हातात काय ठेवलं? मोडकं भांडं! मी तावातावाने तसं बोलायला लागले, तर मावशीने माझा हात घट्ट धरला.

"फुटकी का व्हयना गो. दिली ना? दिली ना त्यांना?"

"दिली, मावशी."

पदर तोंडाशी धरून ती रडली. मीही रडले.

वर्षश्राद्धाला तिने फुलदाणी काकांच्या फोटोपुढे मांडली, पितळी कडेशिवाय, आत झेंडूची फुलं घालून. माणसं जमली होती. धाकटा दीर पाया पडायला वाकला तेव्हा मावशीने त्याचं बोट धरून त्या फुटक्या धारेवर टेकवलं.

"बघा भावजी. फुटकी हाय. बाईंनी दिल्याली."

मावशीने त्याचं बोट सोडलं आणि फोटोसमोरची फुलं सारखी केली.

"आता नाय हो झाकत," ती काकांना म्हणाली.