सकाळच्या तासांची शिष्यवृत्ती

गेल्या वर्षीच्या जूनचा दुसरा रविवार. रक्कम चोवीस हजार. हजर चौघे: आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष, खजिनदार म्हणून मी, अर्ज केलेली एक मुलगी आणि बाई. बाई पदराने चष्मा पुसत होत्या. मंडळात तुम्ही कधी काम केलं असेल, तर अशी माणसं तुमच्याही ओळखीची असतील. बाईंनी चष्मा पुसायला घेतला, की समोरच्याचं म्हणणं त्यांना पटलेलं नाही असं समजायचं.

बाई कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. पाणीगेटजवळ एकट्याच राहायच्या. शिष्यवृत्तीची ठेव त्यांनी आईच्या नावाने ठेवली होती. व्याजाचं वाटप मात्र मंडळाच्या रिवाजाने व्हायचं. ज्याचे टक्के सर्वांत जास्त, त्याला कोजागरीच्या कार्यक्रमात स्टेजवर नारळ, शाल, पाकीट आणि फोटो. बाई टाळ्या वाजवायच्या आणि घरी जाताना मला म्हणायच्या, "हे बक्षीस झालं हो. शिष्यवृत्ती नव्हे."

पैसे तेवढेच, मग फरक काय, असं मी एकदा विचारलं.

"झालेल्या अभ्यासाचं ते बक्षीस. व्हायच्या अभ्यासाची ती शिष्यवृत्ती."

त्याआधीच्या वर्षी एका हुशार मुलाने त्या पैशांतून मोबाइल घेतला होता आणि पेढ्यांबरोबर तो दाखवायलाही आणला होता. बाईंनी मोबाइलचं कौतुक केलं, पेढा खाल्ला आणि चष्मा पुसला.

त्या रविवारी समोर बसलेल्या मुलीला अठ्ठावन्न टक्के होते. आमचा नियम किमान सत्तरचा. अध्यक्ष आपल्या गुजराती वळणाच्या मराठीत तिला म्हणाले, "बेन, रूल म्हणजे रूल ने. पुढच्या वर्षी जोर लाव."

बाईंनी मुलीला विचारलं, पैसे मिळाले तर काय करशील? इतर मुलं या प्रश्नावर खूप अभ्यास करीन म्हणायची. ही म्हणाली, "सकाळचं काम सोडीन."

मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात ती सकाळी पॅकिंगचं काम करायची, महिना चार हजारांवर. कॉलेजची प्रॅक्टिकल्स नेमकी सकाळी. हजेरी भरली नाही, तर या वेळी परीक्षेलाच बसू देणार नव्हते. घरात त्या चार हजारांवाचून भागत नव्हतं.

मी हिशेब सांगितला. चोवीस हजारांत सहा महिने निघतात. परीक्षा नोव्हेंबरात.

"म्हणजे पुरतात," बाई म्हणाल्या. "दर महिन्याच्या एक तारखेला द्या."

अध्यक्ष अस्वस्थ झाले. कोजागरीला स्टेजवर काय द्यायचं? फोटो नसेल तर उद्या दुसरा देणगीदार कसा मिळणार?

"अहो अध्यक्ष, पगार कुणी स्टेजवर देतं का? फोटो हवा तर माझा काढा. हार मात्र आत्ताच घालू नका."

अध्यक्षांना हसू आवरेना. हसले आणि तिथेच अडकले. सही केली.

जुलैपासून बाईंच्या ओसरीवर मी पैसे द्यायचो आणि बाई त्या मुलीला त्या महिन्यात काय शिकलीस ते सांगायला लावायच्या. पहिल्यांदा ती अडखळली. ऑक्टोबरात तिने बाईंच्या कुंडीतलं पान तोडून त्याच्या शिरा समजावल्या, तेव्हा बाईंनी विचारलेल्या शंकेवर ती चक्क म्हणाली, "नाही बाई, आता तसं मानत नाहीत." बाई इतक्या खूश झाल्या, की आम्हाला दुसरा चहा मिळाला.

दिवाळीनंतर आठवडाभराच्या आजाराने बाई गेल्या. डिसेंबरचा हप्ता मी मुलीच्या घरी जाऊन दिला. परीक्षा झाली होती, सगळ्या प्रॅक्टिकल्सची हजेरी भरली होती. निकाल आला तेव्हा ती सगळ्या विषयांत पास होती आणि वनस्पतिशास्त्रात वर्गात दुसरी.

यंदाच्या जूनमध्ये आम्ही तिघंच बसलो. अध्यक्षांनी टक्क्यांचा कागद उलटा ठेवला आणि समोरच्या मुलीला विचारलं, "बेटा, कुठलं काम सोडायचंय?"

ती सावली गावाहून एसटीने येते. व्याज थोडं वाढलं होतं: चोवीस हजार सहाशे. एक जुलैला पहिला हप्ता तिच्या हातात दिला. चार हजार शंभर.