नवं नेटकार्ड, मराठी स्क्रीन आणि उद्याचं बारसं

मंडळी, ग्रुपवरच्या तुमच्या सकाळच्या निरोपांना आत्ता संध्याकाळी उत्तर देतोय, माफ करा. दिवसभर कॉम्प्युटरपुढं बसून डोकं फिरलंय.

उद्या दुपारी परदेशात मुलाच्या घरी नातीचं बारसं आहे. बायकोला मोतीबिंदूमुळं फोनवर काही दिसत नाही, म्हणून मोठ्या स्क्रीनवर दाखवायचं कबूल केलंय. नेमकं परवा वीज कडाडली आणि नेटकार्ड जळालं.

नवं कार्ड बसवलं, पण कॉम्प्युटर ज्यावर चालतो ते लिनक्स त्याला ओळखतच नाही. निपाणीच्या दुकानदाराला फोन लावला. तो कन्नडमध्ये सांगतो, ते मला कळतं, अडचण ती नव्हे. तो म्हणाला, "अण्णा, मोबाईल केबलनं जोडा, नेट येईल. मग ॲडिशनल ड्रायव्हर्स उघडा, कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर तिथं मिळेल."

नेट आलं, पण मोबाईलच्या तेवढ्याशा नेटवर व्हिडिओ काही चालत नाही, आणि ते नाव माझ्या स्क्रीनवर नाहीच. सीमाभागात निदान घरातला कॉम्प्युटर तरी आपल्या भाषेत असावा, म्हणून मीच हट्टानं सगळं मराठीत करून घेतलं होतं. शेवटी तोही वैतागला. "आधी इंग्रजी करा, मग फोन करा."

बायको म्हणाली, "भाषेसाठी लई भांडलासा. आता मला नातीचं तोंड दावा."

मी सातवी शिकलेला माणूस. चुकीचं काही दाबलं तर आहे तेही जाईल, अशी धास्ती वाटते. मराठी स्क्रीनवर हे कुणी केलंय का? नाहीतर इंग्रजी कसं करायचं तेवढं सांगा, तेही करतो.

तिनं आत्ताच खुर्ची कॉम्प्युटरपुढं आणून ठेवलीय. लवकर कळवा.