घाटग्यांच्या बॅकयार्डातलं छप्पर

“मागं हो! मागं हो म्हणतोय न्हवं मर्दा, का पाय इथंच ठेवून घरी जाणार?” दत्ता छपरावरून बोंबलत होता आणि त्याच्या हातातली चेनसॉ त्याच्याहून मोठ्यानं बोंबलत होती. मी मागे झालो. मागे झालो म्हणजे कुंपणावरून उलटा शेजारणीच्या गुलाबांत जाऊन पडलो. वर बहात्तर वर्षांचा दत्ता घाटगे, कानांवर मफ, डोळ्यांवर गॉगल, गुडघे वाकवून सॉ छपरात अशी खुपसत होता, जणू आत सात पिढ्यांचा वैरी लपलाय. शिंगल्सच्या, म्हणजे छपरावरच्या डांबरी कौलांच्या, चिंध्या उडत होत्या. डांबराचे गोळे माझ्या जॅकेटवर फटाफट बसत होते. खिळा लागला की ठिणग्यांचा फवारा, पत्रा लागला की दाढेत कळ जाईल अशी किंकाळी... आणि मग कापलेला चौकोन धाडकन खाली कोसळला आणि एकदम शांत झालं.

“किती सेकंद?” त्यानं विचारलं. स्टॉपवॉच माझ्या हातात होतं.

“दहा!” मी गुलाबांतून ओरडलो.

“बघून सांग.”

मी बघितलं. “सतरा.”

“मग सतरा म्हण की.”

आमचं शेवटचं बोलणं ते एवढंच. चार दिवसांनी त्याच्या मुलीचा, रेवाचा, फोन आला. “विनूकाका, बाबा गेले. इन द चेअर. आफ्टर लंच.” आज सात आठवडे झाले, मला ते अजून मान्य नाही. ज्या माणसाच्या हातात आयुष्यभर उसळणारं, चावणारं, अंगावर येणारं जनावर होतं, ज्याच्या हनुवटीवर, मांडीवर आणि डाव्या कानावर त्या जनावराच्या दातांच्या सह्या होत्या, तो माणूस दहीभात खाऊन खुर्चीत डोळे मिटतो आणि उठतच नाही, ही काय पद्धत झाली? मी तर त्याच्या मरणाचे निदान पंचवीस प्रकार मनाशी ठरवून ठेवले होते. एकातही खुर्ची नव्हती.

आम्ही दोघं इकडे परदेशात आल्यावर एटोबिकोच्या एका डाय, म्हणजे धातूचे साचे, बनवणाऱ्या कारखान्यात भेटलो. तो कोल्हापूरचा, मी नागपूरचा. पहिल्याच दिवशी त्यानं माझ्या हातातला पाना काढून घेतला आणि म्हणाला, “असं धरतात व्हय?” मी म्हणालो, “काहून शिकवून राहिला बे?” त्यावरून जी जुंपली ती चाळीस वर्षं पुरली. पुढे कारखाना बंद पडला तेव्हा आम्ही किचनरला येऊन त्याच्या गॅरेजात दुकान टाकलं. लॉनमोअर, स्नोब्लोअर, चेनसॉ, जे बिघडेल ते. मी गिऱ्हाइकांशी बोलायचं आणि त्यानं काम करायचं. मी बोलायला लागलो की तो आतून ओरडून माझे आकडे दुरुस्त करायचा. मी म्हणायचो, “ह्या माणसानं हजार सॉ उघडल्यात.” आतून आवाज यायचा, “दोनशे चाळीस.”

एके दिवशी जवळच्या गावच्या फायर स्टेशनचा चीफ आला. दारातून आत यायला त्याला आडवं व्हावं लागलं, इतका रुंद माणूस. त्यानं काउंटरवर चेन्सचा एक गुंता आपटला. एका आगीत बोथट झालेल्या सगळ्या. दत्तानं एक दात नखावर घासून बघितला आणि विचारलं, “व्हॉट आर यू कटिंग? रेल्वे लाइन?” तेव्हा आम्हाला पहिल्यांदा कळलं, की आग विझवणारी माणसं पेटत्या घराच्या छपरावर चढून त्याला भोक पाडतात. आत कोंडलेला तापलेला धूर वरून निघून गेला तर आतल्यांना श्वास मिळतो, वाट दिसते. नाही गेला, तर त्या धुराचाच एका क्षणी भडका उडतो. आणि छप्पर म्हणजे काही झाड नव्हे. शिंगल्सचे तीन-तीन थर, डांबर, खडी, पत्रा आणि मुंग्यांसारखे खिळे. साधी चेन पहिल्या दहा सेकंदांत सुरीसारखी चालते आणि पहिल्या खिळ्यावर तिचं लाटणं होतं. कार्बाइडचे, पोलादाहून कडक, दात बसवलेली चेन सुरुवातीला जरा मंद वाटते, पण खिळे चावत चावत पुढे जाते.

पण कार्बाइडमध्येही कार्बाइड असतं. पाच कंपन्यांच्या चेन्स आणून दत्तानं बॅकयार्डात ते छप्पर बांधलं. खाली घर नाही, नुसतंच छप्पर, छातीएवढ्या उंच खांबांवर. दर आठवड्याला आम्ही ते शिंगलून द्यायचो आणि तो ते फाडून काढायचा. शेजाऱ्यांनी चार वेळा पोलीस बोलावले. (मी सोळा म्हणतो. चार.) एकदा एका चेनचा दात निखळून बंदुकीच्या गोळीसारखा त्याच्या गालात घुसला. रक्ताची धार गळ्यापर्यंत. मी टॉवेल आणायला धावलो, परत येतो तर ह्या गृहस्थानं पक्कडीनं दात उपटून भिंगाखाली धरलेला. “हे बघ विन्या, जोड कच्चा हाय. डाग नीट बसलाच न्हाई.” मग त्यानं तो दात सुपारीच्या स्टीलच्या डबीत टाकला, डबी खिशात टाकली आणि मगच गाल पुसला. त्या डबीत पुढे अशा तुटक्या दातांचा ढीग जमला. प्रत्येक दात म्हणजे नापास झालेली एक चेन.

सॉची निवडही तशीच. मोठ्या हातमोज्यात मावत नाही ती सॉ सुरू करायच्या दोरीची मूठ बाद. धुरात इंजिन घुसमटतं ती सॉ बाद. ते बघायला तो पेटत्या टायरशेजारी सॉ चालवायचा आणि स्वतः खोकून खोकून निळा पडायचा. वजन कमी म्हणून आवडलेली, पण छपरात अर्ध्यावर रुतून बसणारी बॅटरीची सॉ त्यानं चीफसमोर लाथ मारून खाली पाडली. “शी इज गुड फॉर क्रिसमस ट्री,” तो म्हणाला. आणि एक नियम, भिंतीवर लाल खडूनं लिहिलेला: दुकानातून बाहेर जाणारी सॉ शेवटची गोष्ट म्हणून चालू करायची, छपरात घालायची, बंद करायची, पुन्हा चालू करायची. मगच द्यायची. बादशहा आला तरी.

मग रेवानं बॉम्ब टाकला. इंजिनिअरिंग अर्धवट सोडून पोरगी फायर सर्व्हिसमध्ये शिरली, आणि तेही त्याच चीफच्या स्टेशनात. त्या संध्याकाळी घाटग्यांच्या घरात काय काय फुटलं त्याची यादी मी दहा मिनिटं वाढवून सांगू शकतो. खरं म्हणजे एक ताट आणि मायक्रोवेव्हचं दार. “मी त्या छपरांवर काय चालतं ते बघतोय रोज! रोज!” दत्ता ओरडत होता. रेवा शांतपणे म्हणाली, “देन मेक शुअर माय सॉ वर्क्स, बाबा.” ती निघून गेली. त्या दिवसापासून दत्ता सॉ रात्रभर वहिनींच्या डीप फ्रीझरमध्ये, मटार आणि पुरणाच्या गोळ्यांच्या मध्ये ठेवायला लागला. उणे वीसमध्ये सुरू झाली तरच पास. वहिनींनी पुरणपोळ्या सोडल्या.

आता इथून पुढे मी काही वाढवून सांगणार नाही. जमेल तितपत.

सहा वर्षांपूर्वीचा दसरा. आमच्या दुकानात खंडेनवमी-दसरा मिळून एकच पूजा असायची आणि तिचा पुरोहित मी. सगळी हत्यारं पाटावर मांडायची. हळद, कुंकू, फुलं. मला हात आखडता घेणं जमत नाही. मी कुंकवात पाणी कालवलं, त्यात तांदूळ माखले आणि मुठी भरभरून अक्षता टाकल्या, लग्नात टाकतात तशा. पाटावर मधोमध रेवाच्या गाडीवरची सॉ होती, सकाळीच दत्तानं नवी कार्बाइड चेन चढवून, छपरात घालून तयार केलेली. दुपारी रेवा युनिफॉर्ममध्ये आली, श्रीखंडाची वाटी उभ्याउभ्या चाटून पुसून खाल्ली आणि म्हणाली, “ओके, गिव्ह मी माय सॉ.”

दत्तानं सॉ उचलली. “थांब, चालू करून देतो.”

आणि मी आडवा आलो. “आज हात नाही लावायचा बे! पूजेच्या दिवशी हत्यार विसाव्याला असते. माझ्या आजोबापासून चालत आलं. सकाळी पाहिलं ना तू?”

“नियम हाय, विन्या.”

“तुझा नियम खडूचा आहे. हा दसऱ्याचा आहे.”

चाळीस वर्षांत दत्तानं माझं एकदाच ऐकलं. त्यानं फडक्यानं कुंकू पुसलं आणि सॉ लेकीच्या हातात दिली.

दोन तासांत कॉल आला. ओळीतल्या टाउनहाउसेसपैकी मधलं पेटलं होतं. एक म्हातारा आत, त्याला शोधायला दोन फायरफायटर आत, आणि रेवा तिच्या जोडीदारासोबत छपरावर. खाली सॉ एका झटक्यात सुरू झाली. ती बंद करून ते शिडीनं चढले. वर रेवानं दोरी ओढली. दोरी सैल हातात आली, नुसती, सुतासारखी; इंजिन फिरलंच नाही. पुन्हा ओढली. पुन्हा. वळचणीतून पिवळा धूर दाबानं फुसफुसत होता आणि पायाखालचं छप्पर शिऱ्यासारखं मऊ लागत होतं. तिनं सॉ फेकली आणि कुऱ्हाड घेतली. ती सांगते, तिला आवाज आठवत नाही, फक्त दंडातली आग आठवते. घाव, घाव, घाव, शिंगल, डांबर, प्लाय... आणि भोक पडलं तेव्हा धूर बैल उधळावा तसा वर आला आणि त्याच क्षणी तिचा डावा पाय मांडीपर्यंत आत गेला. खाली जाळ होता. जोडीदारानं पाठीवरच्या सिलिंडरचा पट्टा धरून तिला ओढली, तर पाय प्लायच्या कातरीत अडकलेला. त्यानं पुन्हा ओढली. पाय सुटला, अर्धी पोटरी तिथंच राहिली. आतले तिघंही जिवंत बाहेर आले. त्या भोकामुळे.

दुसऱ्या दिवशी चीफनं ती सॉ आमच्या बाकावर आदळली. “ओपन इट.” दत्ता हॉस्पिटलमधून सरळ आलेला, कपड्यांना लेकीच्या अंगाचा जळका वास. त्यानं चार स्क्रू काढले, दोरीचं झाकण उघडलं. दोरी ओढली की आतले दोन छोटे खटके बाहेर येऊन चाकाला पकडतात. मी त्याच्या खांद्यामागून बघत होतो. खटक्यांच्या सांध्यात लाल काहीतरी चिकटलं होतं. अक्षता. झाकणाच्या फटींतून आत पडलेल्या, हादऱ्यांनी खटक्यांपर्यंत सरकलेल्या. दत्तानं अंगठा फिरवला आणि मूठ मिटली.

“व्हॉट इज इट?” चीफ ओरडला.

“आय डिड नॉट स्टार्ट इट बिफोर गिव्हिंग,” दत्ता म्हणाला. “माय फॉल्ट.”

चीफनं त्याची कॉलर धरून त्याला भिंतीवर असा आदळला, की फळीवरचे डबे खाली आले. “इट्स युअर ओन डॉटर!” दत्तानं हात वर केले नाहीत. चीफ गेल्यावर मी तोंड उघडणार, तेवढ्यात दत्तानं माझ्या कानाखाली एक ठेवून दिली. मी आजवर सगळ्यांना सांगत आलो, की माझ्या दोन दाढा पडल्या आणि कारण होतं क्रिकेटची मॅच. दाढ एकही पडली नाही. मी बाकाशेजारी बसून रडलो आणि तो बाक पुसत राहिला. त्यावर आम्ही पुन्हा कधीही बोललो नाही. ना त्यानं काढलं, ना मी.

चीफ हिवाळाभर फिरकला नाही. बर्फ वितळल्यावर एक नवी चेन घेऊन आला, काउंटरवर ठेवली आणि म्हणाला, “टेल मी इफ इट्स एनी गुड.” दत्ता तसाच छपरावर चढला. पुढच्या दसऱ्याला मी पूजेचं नाव काढलं नाही. त्यानंच पाट मांडला. प्रत्येक सॉवर आधी टीटॉवेल घातला, त्यावर एक-एक फूल ठेवलं, हात जोडले... आणि मग टॉवेल काढून एकेक सॉ चालू केली आणि छपरात घातली. दसऱ्याच्या दिवशी, सगळ्या. रेवा काठीवर रेलून बघत होती. ठिणग्या बघून टाळ्या वाजवल्या तिनं.

गेल्या रविवारी ती मला म्हणाली, दुकान आवरायला या. आता ती कॅप्टन आहे, स्टेशनच्या सॉ तीच निवडते, तिथल्या पोरांना ती हातात स्टॉपवॉच घेऊन ह्याच छपरावर चढवते. “द रूफ विल स्टे,” तिनं आधीच सांगून टाकलं. मी फळ्या पुसत होतो, ती बाकाशी उभी. खडूचा नियम भिंतीवर होता तसाच. मला तिथं उभं राहवेना. सहा वर्षं मी ह्या पोरीला पायावरून विनोद सांगून हसवलं होतं.

“रेवा, त्या दिवशी सॉ बाबांमुळे बंद नाही पडली. मी अक्षता टाकल्या होत्या. खटक्यांत अडकल्या. चालू करूनही मीच देऊ दिली नाही. बाबांनी चीफपासून लपवलं, माझ्यासाठी. मी पाहिलं माझ्या डोळ्यांनी... तीन दाणे होते.”

तिनं खण ओढला, सुपारीची डबी काढली, झाकण उघडून डबी बाकावर उपडी केली. करडे, कोर उडालेले कार्बाइडचे दात खणखणत पसरले. तिनं बोटाच्या टोकानं ते बाजूला सारले. खाली तांदूळ होते, लालाचे तपकिरी झालेले.

तिनं ते नखानं वेगळे केले आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “दोन आहेत, काका.”