गोठलेल्या दाराची चौकशी

आमच्या बिल्डिंगमधले काका गाडीचं दार आधी कमरेने दाबायचे आणि मग उघडायचे. भर ऑगस्टमध्ये, इथे आखातात, डिस्कव्हरी गार्डन्सच्या पार्किंगमध्ये, जिथे हँडलला हात लावला तर चटका बसतो, तिथे हा माणूस दाराला शांतपणे एक धक्का देई आणि पुटपुटे, "आधी दाबायचं, मग ओढायचं."

तुमच्याही बिल्डिंगमध्ये असा एखादा असेल, ज्याच्याकडे आपण रोज बघतो आणि विचारायचं राहून जातं. माझं राहत नाही. नवरा म्हणाला, कमरेत उसण भरली असेल. वॉचमनच्या मते जुन्या गाडीचं लॉक बिघडलं होतं. मी मेली जात्याच चौकस, एक दिवस सरळ विचारलं. काका म्हणाले, "प्रॅक्टिस करतोय. कॅनडात दार गोठतं."

त्यांची एकुलती एक मुलगी तिकडे होती. इथेच वाढलेली, मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर देणारी. काकू गेल्यापासून टायर पंक्चर होवो की भाजी खारट होवो, तिचा पहिला फोन बाबांना. बाबांकडे उत्तर तयार असे. मागच्या हिवाळ्यात मात्र एका सकाळी, जावई कामावर गेलेला असताना, बर्फात उभी राहून ती रडवेल्या आवाजात म्हणाली की गाडीचं दार गोठलंय, उघडत नाही. काकांना पहिल्यांदाच काही सुचलं नाही. "थांब, विचारून सांगतो," म्हणाले आणि फोन ठेवला. तेव्हापासून ते विचारतच होते.

टॅक्सीवाला पठाण, मासे आणणाऱ्या फ्रीजर व्हॅनचा मल्याळी ड्रायव्हर, सलूनमधला काश्मिरी, कुणालाच त्यांनी सोडलं नाही. दाबून आधी बर्फ तोडायचा, हे त्यातूनच कळलेलं. दाराच्या रबराला काहीतरी चोपडून ठेवावं, असंही कुणी सांगितलं. काय चोपडावं ते काकांनी स्वतः ठरवलं. बिजागरी कुरकुरली, टाच फुटली, डोकं दुखलं, त्यांच्या घरी उपाय एकच, खोबरेल. कॅनडाला निघालेल्या एका ओळखीच्या माणसाबरोबर त्यांनी मोठी बाटली पाठवली. या वर्षी दार उघडणार, इन्शाल्ला, म्हणून आम्हा शेजाऱ्यांना चहाही पाजला.

आम्ही सगळे मराठी, डोक्याला तेच तेल लावून वाढलेलो, आणि एकालाही काही आठवलं नाही. इथे खोबरेल बहुतेक वर्षभर पाण्यासारखं पातळ असतं हो.

थंडी पडली आणि मुलीचा व्हिडिओ कॉल आला. मी तेव्हा डबा द्यायला गेले होते. "बाबा, इट्स अ कँडल नाउ," ती म्हणाली. रबरावर पांढरं मेण जमलं होतं आणि दार पहिल्यापेक्षा घट्ट बसलं होतं. फोन झाल्यावर काकांनी तो उपडा ठेवला. मग म्हणाले, "आंघोळीआधी आई बाटली उन्हात ठेवायची. इथे राहून मी थिजणंच विसरलो." मला हसू आलं होतं, ते त्यांचं तोंड बघून गिळलं.

जावयाने दुकानातून स्प्रे आणला आणि विषय खलास. मुलीचे फोन येत राहिले, पण ती काही विचारेनाशी झाली. त्याच सुमारास काकांची नोकरी संपली, म्हणजे व्हिसाही संपणार. मुलगी तिकडे बोलावत होती आणि काका पुण्याच्या फ्लॅटची भाषा करत होते. तिथे माझं काय काम, म्हणत, साधं दार उघडून देता आलं नाही. हे ते हसत हसत म्हणायचे, पण मला फार वाईट वाटायचं.

शेवटी एकदा तिचा फोन चालू असताना मीच मध्ये तोंड घातलं. म्हटलं, तुझ्या बाबांनी ते दार मनाला लावून घेतलंय. तर ती चक्क मराठीत, अडखळत बोलली, "बाबा, मी दारासाठी फोन नव्हता केला. मी एकटी होती तिथे. मला रडू येत होता."

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पुण्याचा विषय त्यानंतर निघाला नाही.

आता त्यांच्या पार्किंगमध्ये कुणाची तरी पांढरी एसयूव्ही असते. परवा कॅनडातून त्यांचा फोन आला तेव्हा मी विचारलं, दार अजून गोठतं का.

"गोठतं की कधी कधी," काका म्हणाले. "मग ते सुटेपर्यंत आम्ही दोघं बाहेर उभे राहतो."