आवाजाची चौथी प्रत

सत्तावीस वर्षांच्या नोकरीतले बहुतेक गुन्हे आता मला फक्त कलमांनी आठवतात. एक साधी चोरी मात्र अजून तशीच्या तशी डोळ्यांसमोर उभी राहते. हवेतला गारवा, माणसांचे बसणे, मोहाच्या झाडांतून सरकणारे धुके. चोरीला गेला होता एका लहान कार्यालयातला संगणकाचा डबा.

मी तेव्हा सहायक पोलीस निरीक्षक होते आणि माझ्याकडे शहादा तालुक्यातले, डोंगराच्या कडेचे एक ठाणे होते. तोरणमाळचा घाट सुरू होतो त्याच्या अलीकडे बाजाराचे एक गाव आहे. तिथे एका संस्थेचे दोन खोल्यांचे कार्यालय होते. एक संगणक, दोन लॅपटॉप, एक प्रिंटर, आणि सगळे एकमेकांना जोडलेले. डोंगरातल्या पाड्यांवरचे वनहक्काचे दावे तिथे तयार होत. कोणती जमीन कोण किती वर्षांपासून कसते, हे सांगणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचे जबाब संस्थेच्या ताईंनी आवाजात नोंदवून ठेवले होते, पावरी बोलीत, ज्याच्या त्याच्या तोंडून. ते कागदावर उतरवण्याचे काम मागे पडले होते. मधल्या काळात त्यांतले पाच जण वारले. नामंजूर दाव्यांच्या अपिलाची सुनावणी अकरा दिवसांवर होती आणि सगळे आवाज त्या एका डब्यात होते.

बाजाराच्या दिवशी दुपारी सगळे चहाला गेले, परत आले तर डबा नाही. कुलूप तुटलेले नाही, खिडकी शाबूत. घटनास्थळाचा पंचनामा करताना मी विचारले, "बॅकअप आहे का?"

तिथल्या शिपाई मावशी लगेच म्हणाल्या, "आहे ना मॅडम. चार तास पुरतो. लाइट गेली तरी पंखा चालतो."

त्या इन्व्हर्टरबद्दल बोलत होत्या. माझा हवालदार भिंतीकडे तोंड करून हसला. मी ऑपरेटरकडे पाहिले. मराठवाड्यातून नुकताच आलेला, तिशीचा, हुशार माणूस. तो खाली बघत म्हणाला, "प्रत होती मॅडम. वेगळ्या डिस्कवर रोज काढत होतो."

"मग ती कुठे आहे?"

"त्याच डब्यावर ठेवली होती. वायर लावलेलीच होती. दोन्ही गेलं."

ताई खुर्चीवर बसल्या त्या उठल्याच नाहीत. "डबा नवा घेता येईल," त्या म्हणाल्या, "ती पाच माणसं कुठून आणू?"

मला याद्या करायची सवय आहे. चोरीच्या ठिकाणी मी दोन करते: काय गेले आणि काय राहिले. दुसरी यादी नेहमी जास्त बोलते. तिथे राहिले होते दोन लॅपटॉप, नवा प्रिंटर, संगणकाचा पडदा, माउस, ताईंची पर्स.

"चोर बी कसा येडा शे मॅडम," हवालदार म्हणाला. "लॅपटॉप सोडी गया, जड डबा डोकावर लई गया."

तरीही घरभेदी माणूस म्हणून माझा पहिला संशय ऑपरेटरवर गेला. त्याला मी ठाण्यात बोलावून तीन तास बसवले, तोच प्रश्न पाच तऱ्हांनी विचारला. शेवटी तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, मला चोरी करायची असती तर प्रत काढायला दुसरी डिस्क नसती का आणली? आणि मी चोरलं असतं तर वायरसकट नेलं असतं. वायर तर तिथंच लोंबतेय." मी ते लिहून घेतले आणि त्याला घरी पाठवले. खोटे बोलणारा माणूस स्वतःच्या सोयीचे बोलतो. हा पहिल्या दिवसापासून स्वतःच्याच कामातली चूक सांगत होता.

चौथ्या दिवशी खबर आली. घाटात जीप चालवणारा एक ड्रायव्हर हवालदाराच्या ओळखीचा होता. तो ठाण्यात येऊन बाकड्यावर बसला आणि गंमत सांगावी तसे सांगू लागला.

"बाजारना दिन एक जण गोनी लईसन बसना. मी सांगं, गोनी टपवर टाक. तो बोलना, नई. मांडीवर लईसन बसना. मी इचारं, काय शे रे त्यामा एवढं? तर बोलना, बाप शे."

"पिलेला होता?" मी विचारले.

"नई मॅडम. चांगला शुद्धीवर व्हता. वर तोरणमाळले उतरना आनि धुकामा गया."

गोणीत बाप. ते वाक्य मी वहीत जसेच्या तसे उतरवले. दुपारभर ते माझ्या टेबलावर पडून होते आणि मी दुसरी कामे करत असतानाही माझ्याकडे बघत होते.

संध्याकाळी पुन्हा कार्यालयात जाऊन मी भेट देणाऱ्यांची नोंदवही मागवली. मागच्या महिन्यात एकच माणूस तीन बाजारांना आला होता. तोरणमाळपलीकडच्या एका पाड्याचा. कामाच्या रकान्यात ऑपरेटरने तिन्ही वेळा एकच लिहिले होते: 'वडिलांना सांभाळणे.' शेरा: 'वृद्धांच्या योजनेसाठी तहसीलला पाठवले.'

ताईंनी नाव वाचले आणि त्यांचा चेहरा बदलला. "याचे वडील तर होळीच्या आधीच वारले. हा तेव्हा गुजरातेत बांधकामावर होता. त्याला वेळेवर पोचता आलं नाही."

"मग मेलेल्या बापाला सांभाळायला हा योजना कशाला मागतोय?" मी ऑपरेटरला विचारले. "तो नेमकं काय म्हणाला होता? शब्द आठव."

ऑपरेटरने डोळे मिटले. "असं काहीतरी... बापाने सांभळवा छे."

हवालदार हातातला चहा खाली ठेवून म्हणाला, "अरे भाऊ, काय करं तू हाई? सांभाळनं नई शे ते. गुजरातीमा सांभळवु म्हंजे ऐकनं. त्याले बापना आवाज ऐकना व्हता, आनि तू त्याले पेन्शनले धाडं."

मी साताऱ्याकडची. मी असते तरी तेच लिहिले असते. गुजरातेत वाढत्या वयाची वर्षे मजुरी केलेला माणूस परक्यांशी बोलताना तीच भाषा वापरणार, एवढे आमच्यापैकी फक्त हवालदाराला कळले. तो माणूस तीन वेळा दहा कोस उतरून आला, तीन वेळा चुकीच्या खिडकीकडे पाठवला गेला. चौथ्या वेळी दार नुसते लोटलेले होते आणि खोलीत कोणी नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वर गेलो. मी, हवालदार, पावरी बोलणारी आमची महिला शिपाई आणि दोन पंच. तोरणमाळला जीप सोडली आणि पायवाट धरली. धुके इतके दाट होते की पुढच्या माणसाची पाठ दिसे आणि मग तीही दिसेनाशी होई. कुठूनतरी गाईच्या गळ्यातल्या घंटेचा आवाज येत होता, पण गाय कधी दिसली नाही. मला वाटले, आपण तपासाला निघालेलो नाही. कोणाच्यातरी झोपेतून हळूहळू चाललो आहोत.

घर कुडाचे, सारवलेले. डबा कणगीवर ठेवला होता, स्वच्छ धोतराने झाकून. डब्यासमोर त्या माणसाची आई बसली होती. मुलगा उठून उभा राहिला, पळाला नाही.

"हे तू आणलंस?"

"हो."

"का?"

त्याने धोतराकडे बोट दाखवले. "आत बोलतो ना तो. मोडला नाही मी. ऐकून पछी परत आणणार होतो." मग थांबून म्हणाला, "पण चालू होत नाही."

घरात सौरदिव्यापुरती वीज होती. पडदा नव्हता, काही नव्हते. चार दिवस मायलेक त्या बंद डब्यासमोर बसत होते. आम्ही महिला शिपाईकरवी आईला विचारले. ती म्हणाली, आज बोलेल, उद्या बोलेल, असे वाटत होते. जिवंतपणीही तिचा माणूस कमीच बोलायचा.

"याच्यावर एक छोटी वस्तू होती," मी म्हणाले. आईने वर हात केला. चुलीवर धुरात मक्याची बियाण्याची कणसे टांगली होती. त्यांच्यात, दोरीने बांधून, डिस्क लटकत होती. दमट हवेत खराब होऊ नये म्हणून तिने ती घरातल्या सर्वांत सुरक्षित जागी ठेवली होती.

मुद्देमाल जप्त केला, पंचनामा केला, त्याला अटक केली. गुन्हा तो गुन्हाच. पण त्याचा जबाब मी स्वतः, दुभाष्यासमोर, शब्द न् शब्द दोनदा वाचून दाखवून घेतला. न्यायालयात त्याने गुन्हा कबूल केला. ताईंनीही त्याच्या बाजूने सांगितले. पुढे चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर त्याची सुटका झाली.

न्यायालयाच्या परवानगीने डबा संस्थेला सुपूर्तनाम्यावर, म्हणजे खटल्यात पुन्हा हजर करण्याच्या हमीवर, मिळाला तेव्हा सुनावणीला तीन दिवस उरले होते. चुलीवरची डिस्क लावली; ती कटकट करत राहिली आणि बंद पडली. मग डबा. ऑपरेटरने बटण दाबले. पंखा फिरला. पडदा उजळला. जामिनावर असलेला तो मुलगा आणि त्याची आई दाराशी बसले होते. ओळख पटवायची म्हणून मी मुलाच्या वडिलांचाच आवाज लावायला सांगितला.

खोकला आला आधी. मग एक म्हातारा, सावकाश, रस्ता सांगावा तसा बोलू लागला. महिला शिपाई हळू आवाजात मराठी करत होती. ओढ्याच्या वाकणावरून चढा. काळा दगड, त्याला पाठ लावा. जांभळीपाशी माझ्या बापाने पहिली नांगरट केली. तिथून पुढे मोहाची तीन झाडे...

म्हातारी पडद्याकडे पाहून काहीतरी पुटपुटली. शिपाई म्हणाली, "त्या म्हणतात, सावकाश बोल, लिहिणारा मागं पडतोय."

ऑपरेटर खरोखरच लिहीत होता. तो आणि ती शिपाई पुढचे तीन दिवस लिहीतच होते. जबाब वेळेवर दाखल झाले.

त्यानंतर ताईंनी मला विचारले, "मॅडम, तुम्ही यादीवाल्या. आता आम्ही काय बसवायचं ते तुम्हीच सांगा." हे पोलिसाचे काम नव्हे, पण नाही म्हणवेना. नंदुरबारहून एक विक्रेता आला. त्याने महागड्या यंत्राचे चित्र दाखवले. "हे बसवा आणि निवांत झोपा."

"निवांत चहाले गयात, तवाच तर डबा गया," हवालदार म्हणाला.

विक्रेता म्हणाला, मग सगळे क्लाउडवर टाका. हवालदाराने डोंगराकडे मान केली. "ढग भलते शेत आमनाकडे. टॉवर नई."

मी कोणत्या यंत्राची किंमत विचारली नाही. आधी प्रश्न लिहिले. काय गेले तर परत मिळणारच नाही? एकाच गोणीत किती प्रती मावतात? ऑपरेटर रजेवर असला तर काम कोण करेल? आणि सगळ्यांत महत्त्वाचे, काढलेली प्रत परत उघडून कोणी आणि कधी बघितली? शेवटच्या प्रश्नावर विक्रेत्याने चित्र मिटून बॅगेत ठेवले.

ठरले ते साधे होते. पहिली प्रत कामाच्या संगणकावर. दुसरी मागच्या खोलीत, भिंतीला पक्क्या बसवलेल्या दोन डिस्कच्या पेटीत. ती जोडणीतूनच रोज संध्याकाळी आपोआप भरते, आणि एक डिस्क मेली तरी दुसरी जिवंत राहते. तिसरी सुट्या डिस्कवर. अशा दोन डिस्क, दर बाजाराला एक शहाद्याला ताईंच्या बहिणीच्या कपाटात जाते, दुसरी परत येते. इंटरनेटवर फक्त टाइप केलेले कागद, कारण तेवढेच तिथल्या नेटवर्कला झेपते. आणि महिन्यातून एकदा कोणतीही एक फाइल शहाद्याच्या डिस्कवरून उघडून, ऐकून, सही करायची.

यादी संपली असे मला वाटले. मुलगा दाराशी होताच. त्याने विचारले, "एक मला मिळेल?"

विक्रेता हसला. "असं नसतं भाऊ. ते सिस्टिममध्ये बसत नाही."

मी माझ्या यादीकडे पाहिले. आग, चोरी, ओल, वीज, सगळ्यांचा विचार केला होता. ज्याच्या बापाचा आवाज, तो कुठल्याच रकान्यात नव्हता. त्याला पहिल्याच बाजारी एक मेमरी कार्ड मिळाले असते तर चोरी झालीच नसती. मी चौथा आकडा लिहिला: ज्याचा आवाज, त्याच्या घरी एक प्रत. विक्रेत्याला सांगितले, "आता बसेल. बसवा."

अपिलात त्याच्या बापाचा जबाब ग्राह्य धरला गेला आणि प्रत्यक्ष मोजणीचा आदेश निघाला. हिवाळ्यात मोजणीचे पथक वर आले. बंदोबस्ताला मी गेले. नकाशा होता, पण त्यात ना दगड होता, ना जांभूळ. मोजणीदार चिडून म्हणाला, "सुरुवात कुठून करू? कोणीतरी दाखवा."

मुलाने खिशातून फोन काढला, कार्डावरचा आवाज लावला आणि चालू लागला. म्हातारा पुढे बोलत होता आणि आम्ही त्याच्या मागे. ओढ्याच्या वाकणावरून चढलो. काळा दगड धुक्यातून अलगद वर आला. मोजणीदार सुरुवातीला हसत होता. दगड दिसला तसे त्याने यंत्र लावले. आवाज म्हणाला, जांभळीपाशी. तिथे जांभूळ नव्हते. सगळे थांबले. म्हातारीने पायाने पाचोळा बाजूला सारला. खाली जुना, काळवंडलेला बुंधा होता. मोजणीदाराने बुंध्यावर खूण केली, वहीत आकडा लिहिला आणि मुलाला म्हणाला, "थोडं मागे घ्या. पुढे कुठे वळायचं म्हणाले ते?"

तपासात मी आयुष्यभर विचारत आले, काय गेले आणि कोणी नेले. त्या दिवसापासून त्यांच्या आधी एक प्रश्न लिहू लागले: ते कोणाचे होते? बरीच प्रकरणे त्या पहिल्या ओळीतच उलगडली.

मुलाने आवाज थोडा मागे घेतला. म्हातारा पुन्हा खोकला, आणि आम्ही मोहाच्या तीन झाडांकडे वळलो.