चांगलाच प्रतिकार करतोय

आमच्या प्रयोगशाळेत त्यांना सगळे बशीताई म्हणत. जंतू वाढवायच्या बशीवर निरनिराळ्या प्रतिजैविकांच्या कागदी टिकल्या मांडायच्या आणि दुसऱ्या दिवशी कुठल्या टिकलीभोवती जंतू वाढलेले नाहीत ते पट्टीने मोजायचं, यात त्यांचं निम्मं आयुष्य गेलं. वरच्या मजल्यावरच्या कॅन्सरच्या रुग्णांना जंतुसंसर्ग झाला की कुठलं औषध लागू पडेल, ते या मोजमापावर ठरे. स्वभाव खाष्ट. माझी पट्टी जराशी तिरकी दिसली, की म्हणायच्या, "डोळे घरी ठेवून आलीस का?"

मग त्यांच्या धाकट्या भावालाच रक्ताचा कॅन्सर झाला. केमोने पांढऱ्या पेशी पार तळाला गेल्या आणि ताप चढला. त्याच्या रक्तातल्या जंतूची बशी ताईंनी स्वतः उजेडात धरली. नेहमीच्या एकाही टिकलीभोवती मोकळी जागा नव्हती. एका जहाल औषधाभोवती तेवढं बारीकसं कडं होतं, आणि ते औषध मूत्रपिंडांची वाट लावणारं. ताई पांढऱ्याफटक पडल्या. मला काही विचारायचीही भीती वाटली.

तेवढ्यात भावजय दारात आली. "ताई, काय म्हणतोय?"

ताईंची नजर बशीवरच. "चांगलाच प्रतिकार करतोय," त्या पुटपुटल्या.

आम्ही असंच बोलतो. आमच्याकडे जे काही करतो ते जंतूच करतो. भावजय डोळे पुसत हसली आणि पळतच वर गेली. त्यात काही घोटाळा झालाय हे आमच्या ध्यानीमनीही नव्हतं.

थोड्या वेळाने वरून फोन आला, घरचे लोक औषध बदलू देत नाहीत. ताई धावल्या, त्यांच्यामागे मी. भावजय डॉक्टरांशी हुज्जत घालत होती. "तो इतका झुंजतोय, ताईच म्हणाल्या! मग त्याच्या किडन्या कशाला घालवताय?"

"अगं, जंतू!" ताई किंचाळल्या. "जंतू प्रतिकार करतोय! आपला नाही गं!"

पडद्यापलीकडचं कण्हणं एकदम थांबलं. भावाने ऐकलं होतं. भावजयीने डॉक्टरांच्या हातातला संमतीचा कागद घेतला. मला तिच्याकडे बघवेना. तिने सही केली आणि औषध सुरू झालं.

पुढे त्याचं रक्त पुन्हा तपासायला आलं. जंतू असले की रक्ताची बाटली गढूळ होते. ताई उबवणीपेटीपर्यंत गेल्या आणि तशाच परत फिरल्या. "तू बघ. मला नाही जमणार."

मी बाटली बाहेर काढली. "ताई, गढूळ नाहीये!"

"परत आत ठेव," त्या म्हणाल्या. "उद्याही बघायचीय." मान काही त्यांनी वर केली नाही.