मास्तरांचा पाय दुखतो म्हणून क्लास बंद

अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की माझ्या घशाला कोरड पडते. म्हणून ट्रकचा क्लास शोधायला आमचे हे बरोबर आले, आणि वैताग तिथूनच सुरू झाला.

आमचा छोटा टेम्पो होता. यांची नजर कमी झाली तेव्हापासून तो मीच चालवत होते. उल्हासनगरातून जीन्स धुलाईला न्यायच्या आणि परत आणायच्या. हे शेजारी बसून "ब्रेक, अगं ब्रेक" म्हणायचे. पुढे ते काम सुटलं, टेम्पो विकला, आणि घरात कोणाचाच पगार राहिला नाही. अंबरनाथला आनंदनगरच्या एका कंपनीत बायकांनाही ट्रकवर घेतात असं कळलं. कंपनीतून बदलापूरच्या गोडाऊनला माल न्यायचा, संध्याकाळी घरी. मला ती नोकरी हवीच होती. मोठ्या गाडीच्या लायसनला पूर्वी आठवी पास लागायची, आता ती अट गेली आहे, म्हणून माझ्यासारख्या चौथीवालीलाही वाट मोकळी होती. फक्त ट्रक चालवता यायला हवा होता.

पहिल्या क्लासवाल्याने मला खुर्ची दिली आणि बोलला यांच्याशी. "भाभीजी को जमेगा?"

हे म्हणाले, "जमेगा, मैं हूं ना."

यांनी जन्मात ट्रक चालवलेला नाही.

"तो रोज आने की जरूरत नहीं. बस फोटो और सही के लिए भेजो, लायसन घर पे."

हे खूश झाले. बाहेर आल्यावर मी म्हटलं, लायसन घरी येईल, पण ट्रक कोण शिकवणार? हे म्हणाले, "तुझं काहीतरी नेहमीचंच."

दुसरा क्लास अंबरनाथ पश्चिमेला होता. तिथले मास्तर अगदी शांत. ओरडणं नाही, प्रश्न विचारणं नाही. मला वाटलं, आपल्यासारखाच माणूस भेटला. मी स्टिअरिंग धरायची, ते पुढे बघत बसायचे, आणि ट्रक असा चालायचा की एकदाही बंद पडला नाही. घरी हे सगळ्यांना सांगायचे, "टेम्पोचा हात आहे ना, माझ्याकडेच शिकली." मलाही वाटायला लागलं, ट्रक म्हणजे काय एवढं.

एक दिवस सकाळी गेले तर मास्तर बाकावर बसलेले, पायाला पट्टी. म्हणाले, "ताई, आज क्लास नाही. पाय दुखतोय."

मी निघाले. फाटकापर्यंत गेले आणि थांबले. मग परत आले. त्या माणसाशी मी तोवर "हो" आणि "बरं" याशिवाय काही बोलले नव्हते. मी विचारलं, "पाय तुमचा दुखतोय. गाडी तर मी चालवते ना?"

मास्तर पायाची पट्टी नीट करायला लागले. मी ट्रकचं दार उघडून त्यांच्या बाजूला खाली बघितलं. तिथेही क्लच आणि ब्रेक होते. शिकाऊ गाडीत असतात हे मला माहीत होतं, पण ते अडीनडीला असतात असं मी धरून चालले होते. इतके दिवस माझ्या पायाखालचा क्लच तेच दाबत होते, ब्रेक तेच लावत होते. मी नुसतं चाक फिरवत होते, जत्रेतल्या मोटारीत पोरं फिरवतात तसं.

"असं का केलंत?"

"गाडी बंद पडली की लोक घाबरतात, ताई. क्लास सोडून जातात."

मी पण गेलेच.

घरी सांगितलं तर हे म्हणाले, "मला तेव्हाच शंका आली होती." मी पोळपाट जरा जोरात ठेवला.

तिसरा क्लास बदलापूरला. त्या उस्तादांचा आवाज पार नाक्यापर्यंत जायचा. पहिल्याच दिवशी गाडी बंद पडली तेव्हा म्हणाले, "बाई, क्लच आहे तो, झुरळ नाही. पाय हळू उचल." रोज शेजारी बसून ते माझी अशी बिनपाण्याने करायचे. पण त्यांनी दोन्ही पाय वर घेऊन सीटवर मांडी घातलेली असायची. मी ते आधी बघायचे, मगच चावी फिरवायचे. रिव्हर्स शिकवताना ते खाली उतरून ओरडायचे आणि वर सांगायचे, "मागे कोणी ओरडलं की गाडी थांबवायची. कोण काय ओरडतंय ते गाडी हलत असताना ऐकायचं नाही. मी ओरडलो तरी थांबव." त्यांचं ओरडणं थांबेना, त्यामुळे आमचा ट्रक मुंगीच्या चालीने मागे जायचा.

लायसन आलं. कंपनीत ट्रायलला बोलावलं. हे आलेच. सुपरवायझरने चावी यांच्या हातात दिली आणि यांनाच सांगितलं, माल चढवायच्या ओट्याला गाडी सरळ लावून दाखवायची. मी वर चढले. आधी शेजारच्या सीटखाली बघितलं. क्लच, ब्रेक काही नव्हतं. बरं वाटलं.

रिव्हर्स टाकला आणि आवारातले सगळे मदतीला धावले. एक हमाल स्टिअरिंग फिरवल्यासारखे हात करत "काटो, काटो". वॉचमन "ताई, डावी मारा". आणि या सगळ्यांच्या वर यांचा आवाज, "ब्रेक, अगं ब्रेक." आरशात मला ओटा दिसेना, यांचे दोन्ही हात दिसत होते.

मी गाडी थांबवली. सगळे गप्प झाले. मी सोडली, ते ओरडले, मी परत थांबवली. सुपरवायझर म्हणाला, "क्या हुआ, बंद पड गई?" मी आतूनच नाही म्हणून मान हलवली. असं चारपाचदा झालं. शेवटी हमाल कंटाळून गोणीवर बसला, वॉचमन फाटकाकडे गेला. हे एकटेच हात हलवत उभे होते, पण एकट्याने ओरडायची त्यांनाही लाज वाटली असावी. मग मी गाडी सरळ ओट्याला लावली.

खाली उतरले. सुपरवायझर यांनाच म्हणाला, "ठीक है. सोमवारपासून पाठवा. तुम्ही पण येणार का रोज बरोबर?"

यांनी तोंड उघडलं. हे "हो" म्हणणार हे मला दिसत होतं. माझ्या घशाला कोरड होतीच.

"नाही येणार," मी म्हटलं. "चावी माझ्याकडे द्यायची."

सुपरवायझरने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "बरं."

परत येताना रिक्षात हे बाहेरच बघत बसले. विठ्ठलवाडीला चाळीत शिरलो तशी वाचा फुटली. शेजारच्या भाऊंना सांगत होते, "मी मागे उभा राहून इशारे दिले म्हणून लागली गाडी." भाऊ म्हणाले, "मग काय, तुम्ही जुने ड्रायव्हर."

मी आत भाकरी थापत होते. सगळं ऐकू येत होतं. सोमवारी डबा एकच भरायचा होता.